श्वासाच्या हाती हृदय : बालहृदय-भूलशास्त्राची प्रस्तावना

केज तालुक्यातल्या अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. डॉक्टर प्रत्येक मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात, ओठ आणि नखांचा रंग पाहतात, वजन मागच्या नोंदीशी ताडून बघतात. एखाद्या मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज ऐकू येतो आणि त्याचे नाव वेगळ्या कागदावर लिहिले जाते. मग बीडचे जिल्हा रुग्णालय, इको तपासणी आणि पुढे बहुतेक वेळा पुणे किंवा मुंबई असा प्रवास सुरू होतो. त्या प्रवासाच्या शेवटी आई शस्त्रक्रियागृहाच्या दारात मूल ज्याच्या स्वाधीन करते, तो भूलतज्ज्ञ असतो. पुढचे काही तास त्या मुलाचा श्वास, रक्तदाब, तापमान, वेदना आणि रक्ताचा प्रत्येक थेंब यांची जबाबदारी त्याच्यावर असते. हे काम करणाऱ्या डॉक्टरला काय यावे लागते, ते तो कसा शिकतो आणि त्या शिक्षणाचा केजसारख्या तालुक्याशी काय संबंध आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बाळे जन्माला येतात, असा अंदाज आहे. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. हे दोष सगळ्या जिल्ह्यांत, सगळ्या थरांतल्या घरांत आढळतात. उपचार करणारी केंद्रे मात्र मोजक्या शहरांत आहेत आणि त्या केंद्रांत बालहृदयाची भूल जाणणारे डॉक्टर त्याहून मोजके आहेत. सर्जन तयार आहे, यंत्र तयार आहे, सरकारी योजनेतून खर्चाची मंजुरीही आली आहे. तरीही हा एक माणूस नसेल तर शस्त्रक्रिया होत नाही.

प्रौढांच्या हृदयशस्त्रक्रियेत भूल देणे आणि लहान मुलांना भूल देणे, या दोन्ही गोष्टी येत असल्या की बालहृदयाची भूल आपोआप जमते, असा समज वैद्यकक्षेत्रातही आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे हे समजणे म्हणजेच या विषयात पहिले पाऊल टाकणे. प्रौढाचे हृदय बहुधा झिजलेले असते, पण त्याची रचना ठरलेली असते. जन्मजात दोष असलेल्या मुलात रचनाच वेगळी असते. कप्प्यांमध्ये छिद्र असते, वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, कधी दोनऐवजी एकच कामाचा कप्पा असतो. अशा शरीरात श्वास आणि रक्ताभिसरण एकमेकांत गुंतलेले असतात. इथे भूलतज्ज्ञ श्वास बदलतो आणि त्याच क्षणी हृदयातून वाहणाऱ्या रक्ताची दिशा बदलते.

या विषयाचा मूळ प्रश्न मराठवाड्याला परका नाही. १८८८ साली केज निजामाच्या राज्यात होते आणि त्याच वर्षी हैदराबादेत क्लोरोफॉर्मची तपासणी करायला एक आयोग बसला. क्लोरोफॉर्म दिलेले काही रुग्ण टेबलावरच अचानक दगावत. ते श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, यावर जगभर वाद चालू होता. हैदराबादच्या वैद्यकशाळेचे प्रमुख सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते : भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीत गुंतू नये. १८८९ साली दुसरा आयोग बसला. खर्चाला निजामाने पैसे दिले आणि ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला पाठवले. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले आणि आयोगाने लॉरींच्या बाजूने कौल दिला. हैदराबादच्या त्याच वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या कामात सहभागी होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय बिघडून ते थेट बंद पडू शकते. म्हणजे नाडीकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला धोक्याचा होता.

श्वास की नाडी, या वादातल्या दोन्ही बाजू या दोन गोष्टी वेगळ्या धरून चालल्या होत्या. बालहृदयाच्या भुलीत असे वेगळे धरताच येत नाही.

याचे कारण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या स्वभावात आहे. प्राणवायू भरपूर मिळाला की त्या सैलावतात. कार्बन डायऑक्साइड साठला, अंग गार पडले, वेदना झाली किंवा भूल उथळ राहिली की त्या आवळतात. निरोगी हृदयात उजवी आणि डावी बाजू भिंतीने वेगळी असल्यामुळे या सैलावण्या-आवळण्याचा रक्तदाबावर फारसा परिणाम दिसत नाही. भिंतीत मोठे छिद्र असले की गणित पालटते. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. तिथल्या कालव्यावर काम केलेल्या माणसाला हे लगेच समजेल. एका चारीचे दार जास्त उघडले की दुसऱ्या चारीला पाणी कमी पडते, कारण वरून येणारे पाणी तेवढेच असते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताला दोन वाटा असतात, एक फुप्फुसांची आणि एक उरलेल्या सगळ्या शरीराची. त्या दोन्ही वाटांची दारे काही प्रमाणात भूलतज्ज्ञाच्या हातात असतात.

प्रत्यक्षात हे असे घडते. दोन जवनिकांच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, मधल्या भिंतीत मोठे छिद्र असलेले चार महिन्यांचे बाळ टेबलावर आहे. अशा बाळांना दूध पिताना घाम येतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हापुन्हा होतो, कारण फुप्फुसांत आधीच गरजेपेक्षा जास्त रक्त जात असते. नवखा डॉक्टर काळजीपोटी शंभर टक्के प्राणवायू लावतो आणि पिशवी भरभर दाबतो. फुप्फुसांतल्या वाहिन्या आणखी सैलावतात, रक्त तिकडे धावते आणि शरीराचा रक्तदाब कोसळतो. मॉनिटरवर प्राणवायूचा आकडा १०० दिसत असतो. नवख्याला तो आकडा दिलासा देतो, जाणत्याला तोच आकडा सावध करतो. एकाच कामाच्या जवनिकेवर जगणाऱ्या नवजात बाळात तर प्राणवायूचे प्रमाण ७५ ते ८५ टक्क्यांच्या आसपास राखणे हेच ध्येय असते. आकडा त्याच्या फार वर गेला तर फुप्फुसांची चंगळ होते आणि आतडी, मूत्रपिंडे, हृदयाच्या स्वतःच्या धमन्या उपाशी राहतात.

आता दुसरे मूल. मार्सेयचे डॉक्टर आर्थर फॅलो यांनी १८८८ सालीच, म्हणजे हैदराबादचा पहिला आयोग बसला त्याच वर्षी, चार दोषांच्या ज्या समूहाचे सविस्तर वर्णन केले तो ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या मुलाला आहे. इथे फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते, म्हणून अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शरीरात जाते आणि मूल निळे दिसते. खेळता खेळता ते मधेच उकिडवे बसते. हे त्याला कुणी शिकवलेले नसते. उकिडवे बसल्याने पायांच्या वाहिन्या दाबल्या जातात, शरीराच्या वाटेचा अडथळा वाढतो आणि थोडे जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. रडण्याने किंवा तहानलेले राहिल्याने त्याला एकाएकी गडद निळेपणाचा झटका येऊ शकतो. अशा वेळी भूलतज्ज्ञ बाळाचे गुडघे छातीशी धरतो, प्राणवायू देतो, रडणे शांत करतो, शिरेतून द्रव देतो आणि फेनिलेफ्रिनसारखे औषध देऊन शरीराच्या वाहिन्या आवळतो. उकिडवे बसून मूल जे साधत होते तेच काम तो औषधाने साधतो. पहिल्या बाळात जे करायचे, त्याच्या जवळजवळ उलटे या मुलात करावे लागते आणि दोघांच्या फाईलवर ‘हृदयाला छिद्र’ एवढेच लिहिलेले असू शकते.

तिसरे उदाहरण फ्रान्सिस फाँताँ यांच्या शस्त्रक्रियेचे. बोर्दो इथे १९६८ साली त्यांनी ती पहिल्यांदा केली. तिच्या आजच्या रूपात शरीरातून परतणारे अशुद्ध रक्त मधला पंप वगळून सरळ फुप्फुसांत सोडले जाते. हे रक्त पुढे ओढण्यात श्वासाचा मोठा वाटा असतो. मूल स्वतः श्वास आत घेते तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि रक्त फुप्फुसांत सहज शिरते. यंत्राने श्वास देताना छातीत दाब चढतो आणि रक्त अडते. म्हणून अशा मुलाला शक्य तितक्या लवकर यंत्रावरून काढून स्वतःच्या श्वासावर आणणे, हा उपचाराचाच भाग आहे. या मुलांमध्ये श्वास हे हृदयाचे औषध आहे आणि त्याची मात्रा औषधाइतक्याच काळजीने ठरवावी लागते.

या विद्येची सुरुवात झाली ती काही डॉक्टरांनी धोका ओळखूनही पुढे पाऊल टाकले म्हणून. १९३८ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतरही उघडी राहिलेली एक वाहिनी बांधली, तेव्हा भूल बेटी लँक या परिचारिकेने दिली होती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या बाळावर पहिली शंट शस्त्रक्रिया, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त नेणारी जोडवाट तयार करण्याची शस्त्रक्रिया, केली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती, तंत्र प्रयोगशाळेत घडवले होते व्हिव्हियन थॉमस यांनी. बाळ इतके अशक्त होते की, ज्येष्ठ भूलतज्ज्ञ ऑस्टिन लॅमाँट यांनी भूल द्यायला नकार दिला. तेव्हा तरुण मेरेल हार्मेल यांनी ती दिली. पुढे हार्मेल आणि लॅमाँट यांनीच एकत्र येऊन १९४६ साली या शस्त्रक्रियांच्या भुलीवर निबंध लिहिला. नकार देणारा आणि होकार देणारा असे दोघेही एकाच निबंधाचे लेखक झाले. दोघांची भीती आणि दोघांचा अनुभव कागदावर आला, म्हणून पुढच्या पिढीला शिकता आले. १९५३ साली जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय थांबवून आत काम करण्याचा रस्ता खुला झाला.

बाळाला वेदना कळतात का, याचे उत्तर देण्यात आपल्या बाजूच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. नवजात बाळाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला गाढ भूल झेपत नाही, अशा समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अशा बाळांना स्नायू सैल करणारे औषध आणि जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेंटानिल देऊन वेदना शमवलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडला आणि ती नंतर अधिक स्थिर राहिली. १९९२ साली बॉस्टनमध्ये पॉल हिकी यांच्यासोबत त्यांनी नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेतही हेच दाखवून दिले. वेदना शमवणे ही दया तर आहेच, पण ती हृदयाचे संरक्षणही आहे, हे तेव्हापासून या विषयाचे एक मूलतत्त्व झाले.

आता भूलतज्ज्ञाच्या हाताशी जाऊन पाहू. ३ किलोचे बाळ आहे. अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्यूलमध्ये १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम औषध असते. बाळाचे हृदय थांबले तर किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकूण ३० मायक्रोग्रॅम लागते. अँप्यूल सलाईनमध्ये मिसळून १० मिलिलिटर केली की दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होते आणि बाळाला द्यायचे असते फक्त ०.३ मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकले तर डोस दहापट होतो. म्हणून बाळ आत येण्याआधी प्रत्येक सिरिंज भरलेली, तिच्यावर नाव आणि तीव्रता लिहिलेली आणि दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून पडताळलेली असते. त्यानंतर सलाईनची नळी उजेडात धरून पाहिली जाते. थ्री-वे तोटीच्या कोपऱ्यात, इंजेक्शनच्या रबरी तोंडाखाली हवेचा बारीकसा बुडबुडा अडकून राहतो. इतर रुग्णांत तो फुप्फुसांत गाळला जातो. हृदयात छिद्र असलेल्या बाळात तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. टिचकी मारून तो बुडबुडा वर आणायचा आणि बाहेर काढायचा, हे काम ज्येष्ठ डॉक्टरही स्वतः करतात.

या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते सुमारे २५० मिलिलिटर. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायलाच साधारण तेवढा द्रव लागतो, त्यामुळे यंत्र सुरू झाले की रक्त जवळजवळ निम्म्याने पातळ होते. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, नंतर त्याचा उतारा म्हणून प्रोटामिन, मधल्या काळात तापमान, कॅल्शियम, पोटॅशियम, साखर यांचा हिशेब ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर ३० मिलिलिटर रक्त गेले, तर प्रौढाच्या हिशेबाने ते अर्ध्या लिटरहून जास्त झाले. ड्रेनच्या बाटलीकडे आणि सर्जनच्या गॉजकडे भूलतज्ज्ञ सारखा का पाहत असतो, हे यावरून कळेल.

हे सगळे शिकायला लागणारा काळ मोठा आहे. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षे, भूलशास्त्रातील एमडीची तीन, नंतर नीट सुपर स्पेशालिटी परीक्षेतून हृदय-भूलशास्त्राच्या डीएम किंवा डीआरएनबीची आणखी तीन वर्षे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि दिल्लीचे एम्स ही या डीएमची नावाजलेली ठिकाणे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ वेगवेगळ्या विषयांचे फेलोशिप अभ्यासक्रम चालवते. भारतातल्या हृदय-भूलतज्ज्ञांचे ‘अ‍ॅनल्स ऑफ कार्डिअ‍ॅक अ‍ॅनेस्थेशिया’ हे नियतकालिक १९९८ पासून निघते. अमेरिकेत केवळ जन्मजात हृदयदोषांच्या भुलीसाठी वेगळी संघटना २००५ साली स्थापन झाली, यावरून जगातही हा विषय किती अलीकडे स्वतंत्र झाला ते दिसते. आपल्याकडच्या डीएममध्ये बालहृदय हा एक भाग असतो. पण ज्या केंद्रात मुलांच्या शस्त्रक्रिया कमी होतात तिथला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा नवजात बाळाचा अनुभव त्याच्या गाठीला थोडाच असतो. म्हणून डीएमनंतर मोठ्या बालहृदय केंद्रात किमान एक वर्ष केवळ मुलांसोबत काढणे आवश्यक धरले पाहिजे. मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून मुलांसाठी उभे आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. अशा ठिकाणी रोजच्या कामातच शिक्षण होते.

त्या वर्षात शिकायचे काय, तर आधी इकोच्या खोलीत बसून प्रत्येक हृदयाचे चित्र स्वतःच्या हाताने कागदावर काढायचे : कुठून रक्त येते, कुठे जाते, कुठे अडते. ज्याला हे चित्र काढता येत नाही त्याने त्या मुलाला भूल देऊ नये, असा नियम शिक्षकाने घालावा. मग कॅथलॅबमध्ये दाबांचे आकडे वाचायला शिकायचे. शस्त्रक्रियागृहात हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टशेजारी उभे राहून यंत्राची भाषा समजून घ्यायची. अन्ननलिकेतून करायच्या इकोवर, दुरुस्ती नीट झाली का, हे सर्जनच्या आधी पाहायला शिकायचे. रात्री अतिदक्षता विभागात थांबायचे, कारण सकाळी दिलेल्या भुलीचे खरे मोल रात्री कळते. नळीतला कफ ओढताना बाळाच्या फुप्फुसांतला दाब एकाएकी चढू शकतो, हे पुस्तकात एका ओळीत असते. रात्री दोन वाजता पाहिले की जन्मभर लक्षात राहते.

शिक्षणाचा आणखी एक भाग सचोटीचा आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात बालहृदय शस्त्रक्रियांत अपेक्षेपेक्षा जास्त मुले दगावत आहेत, हे तिथल्या स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने स्वतः ठेवलेल्या नोंदींवरून ओळखले आणि वरिष्ठांना सांगितले. त्यांना फार विरोध सहन करावा लागला. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल २००१ साली आला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी आपले निकाल मोजण्याची व जाहीर करण्याची पद्धत पालटली. भूलतज्ज्ञ प्रत्येक शस्त्रक्रियेला पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असतो. नोंद ठेवणे आणि जे दिसले ते बोलणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि तेही शिकवावे लागते.

आता पुन्हा केजकडे वळू, कारण या विषयाची निम्मी कसोटी शस्त्रक्रियागृहाबाहेर लागते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि सोबत लहान मुले. अंगणवाडीत तपासणीचे पथक येते तेव्हा मूल फडावर असते. शस्त्रक्रियेची तारीख मिळते तेव्हा उचल फिटलेली नसते आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत थांबू, असे घर ठरवते. मोठे छिद्र असलेल्या बाळाला हे थांबणे परवडत नाही. फुप्फुसांतल्या वाहिन्या सततच्या जादा रक्ताने कायमच्या जाड होतात आणि मग छिद्र बुजवणेही धोक्याचे ठरते. उशिरा पोहोचलेल्या या मुलांची भूल सगळ्यात अवघड असते. आपल्याकडे शिकणाऱ्या भूलतज्ज्ञाला परदेशी पुस्तकातल्या वेळेवर आलेल्या बाळासोबत हे उशिरा आलेले, कुपोषित, रक्त कमी असलेले मूलही शिकावे लागते.

प्रवासाचेही तसेच. काही नवजात बाळे जन्मानंतर बंद होणाऱ्या एका वाहिनीच्या भरवशावर जगत असतात. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन हे औषध ठिबकाने दिले जाते. या औषधाने बाळाचा श्वास मधूनमधून थांबू शकतो. केजहून पुण्याला अडीचशे किलोमीटरांहून लांब जाणाऱ्या रुग्णवाहिकेत श्वास देऊ शकणारा माणूस नसेल, तर जीव वाचवणारे औषधच जीवावर बेतते. ही गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरला ठाऊक असणे हाही याच विषयाचा भाग.

शिवाय शस्त्रक्रिया झालेली मुले घरी परततात आणि मोठी होतात. सातव्या वर्षी त्यांचा हात मोडतो, हर्निया निघतो, दात किडतो. तेव्हा ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, बीडला किंवा केजच्याच एखाद्या दवाखान्यात भुलीसाठी येतात. तिथल्या भूलतज्ज्ञाला डीएम करण्याची गरज नाही, पण चार गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. कोणती शस्त्रक्रिया झाली आणि आत काय उरले आहे ते जुन्या कागदावरून काढावे. शंट ज्या बाजूला असेल त्या हातावरचा रक्तदाब भरवशाचा धरू नये. निळ्या मुलाला रात्रीपासून पाण्याविना ठेवू नये. त्याचे रक्त दाट असते, पाणी तुटले की गुठळी होण्याचा आणि झटक्याचा धोका वाढतो, म्हणून भुलीआधी एक-दोन तासांपर्यंत स्वच्छ पाणी आणि तान्ह्याला चार तासांपर्यंत अंगावरचे दूध द्यावे. आणि हे मूल इथे सांभाळणे शक्य आहे की पुढे पाठवावे, हे भूल देण्याआधी ठरवावे.

म्हणून या विषयाचे शिक्षण दोन पायऱ्यांचे असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरच्या पायरीवर थोडे, पण पूर्ण तयार तज्ज्ञ. खालच्या पायरीवर प्रत्येक जिल्ह्यातला भूलतज्ज्ञ, ज्याला एमडीच्या काळातच बालहृदय केंद्रात काही आठवडे काम करायला मिळाले आहे आणि ज्याच्याकडे अडचणीत फोन करायला त्या केंद्रातला ओळखीचा माणूस आहे. पहिली पायरी उभारायला वर्षे लागतील. दुसरी महाविद्यालयांनी ठरवले तर पुढच्या तुकडीपासून सुरू होऊ शकते, कारण तिला नवी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही.

या विषयात येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांचे मनापासून स्वागत आहे. इथे नाव फार होत नाही. बरे झालेल्या मुलाच्या आईवडिलांना बहुधा सर्जनचे नाव आठवते. पण जी बुद्धी, जो हात आणि जो धीर या कामाला लागतो, त्याला वाव देणारे दुसरे क्षेत्र वैद्यकात शोधूनही सापडणार नाही. अंबाजोगाईला शिकणाऱ्या मराठवाड्याच्या मुलामुलींना विशेष सांगणे आहे : ज्या मुलांना तुमची गरज आहे त्यांची बोली, त्यांचे हंगाम, त्यांच्या आईची भीती तुम्हाला आधीच ठाऊक आहे; बाकीचे शिकता येते. आणि आईवडिलांना एकच विनंती. मुलाच्या शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटा, मुलाने शेवटचे कधी खाल्ले-प्यायले, पूर्वी काय झाले, कोणती औषधे चालू आहेत ते सगळे सांगा, मनातल्या शंका विचारा. उत्तर देणे हे त्यांचे काम आहे.